वाऱ्याचा मोजा परवाच बदलला

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, ती मलाही ठाऊक आहे. पण तुम्ही गेलात तेव्हा माझ्या लेकीचं लग्न व्हायचं होतं आणि आता तिच्या थोरल्या लेकीचंही होऊन गेलं. एवढ्या काळात जो राग विझला नाही तो रीतीला भिऊन कसा विझेल? तुम्ही म्हणायचात, "ही पोट्टी म्हणजे फोडणीतली मोहरी, तडतडल्याबिगर राहायची नाही." दात गेले, गुडघे गेले, मोहरी तशीच आहे. तेव्हा आज तडतडते. तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, हा माझा फायदा आहे आणि तो मी घेणार आहे.

काल पाडवा झाला. गुढी उभारली, कडुनिंबाची चटणी सगळ्यांनी तोंडं वाकडी करत खाल्ली, शेजारच्या तेलुगू घरातून त्यांच्या उगादीची पच्चडी आली, आणि मग मी धाकट्या नातीला म्हटलं, "आण तो मोबाइल. खात्याचा अहवाल काढ." विमान वाहतूक खात्यानं वर्षभरात काय केलं त्याचा अहवाल आता असा बसल्या जागी मिळतो, तुमच्या वेळेसारखी दिल्लीच्या टपालाची वाट बघावी लागत नाही. नातीनं काढून दिला आणि विचारलं, "आज्जी, हर साल कायकू पढते तुम हे? इतकं बोअर आहे." तिला मराठी धड वाचता येत नाही, आणि बोलते ती अशी तीन भाषांची भेळ. मी म्हटलं, "आपल्या घरची रीत आहे, गप ऐक." चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला लागले. नवे विमानतळ कुठं झाले, जुन्या धावपट्ट्या कुठं वाढवल्या, कुठले नियम बदलले. नात ऐकता ऐकता झोपली. मी शेवटपर्यंत वाचलं.

ही रीत तुम्हीच घातलेली. सुलतान बाजारामागच्या गल्लीतल्या आपल्या घरी पाडव्याला भटजी येऊन पंचांग वाचून जात. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती आढक. ते गेले की तुम्ही शेरवानीचं वरचं बटण लावून उभे राहायचात, घसा साफ करायचात आणि म्हणायचात, "आता आकाशाचं वर्षफल." मग खात्याची वर्षभराची प्रगती आम्हाला ऐकायला मिळायची. कुठली धावपट्टी पक्की झाली, कुठं वायरलेसचं यंत्र बसलं, किती नवे लोक विमान चालवायला शिकले, कुणाचा परवाना कशासाठी काढून घेतला. परवाना काढून घेतल्याची बातमी तुम्हाला फार आवडायची. "नियम म्हणजे नियम. वर आभाळात कुणी ओळखीचं नसतं," असं तुम्ही बोट वर करून सांगायचात. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पाऊस किती पडणार ते कळलं, विमानं किती पिकणार तेही कळलं. आता उठा, पुरण निवायलंय." मी तुमच्या पायाशी बसलेली असायची. मला वाटायचं, हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंय.

तुमचं काम तसं मोठ्या साहेबाच्या हाताखालचं. विमान उतरायच्या आधी धावपट्टी मोकळी आहे का, दिवे नीट आहेत का, वारा कुठून आहे, हे बघायचं. विमानतळाच्या मैदानात उंच खांबाला एक लांबट कापडी पिशवी बांधलेली असायची, दोन्ही तोंडं उघडी, एक रुंद आणि एक अरुंद. वारा भरला की ती आडवी व्हायची, आणि वरून येणाऱ्या वैमानिकाला कळायचं की वारा कुठून आहे आणि किती आहे. गोरे साहेब तिला वाऱ्याचा मोजा म्हणायचे, म्हणून विमानतळावरची माणसं दखनीत, म्हणजे आपल्या शहराच्या बोली उर्दूत, 'हवा का मोजा' म्हणायला लागली आणि आपल्या घरात तो नुसताच 'मोजा' झाला. एकदा तुम्ही असा एक उतरवलेला मोजा साहेबाला विचारून घरी आणलात. आईनं तो चार पाण्यांतून काढला आणि त्याचा मला परकर शिवला, नारिंगी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा. जामबागच्या शाळेत मुली फिदीफिदी हसल्या, म्हणाल्या, हिला काय सर्कशीत धाडणार आहेत? मी घरी येऊन रडले. तुम्ही म्हणालात, "त्यांना सांग, ह्या परकराकडं बघून विमानं उतरलीत." दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. मग कुणी हसलं नाही, उलट एकेकीनं हात लावून बघितला. तुम्ही मला पुढं पुष्कळ काही दिलंत, पण तसं पुन्हा काही दिलं नाहीत.

मग ते वर्ष आलं. जुनं संस्थान गेलेलं, संस्थानचं विमानखातं दिल्लीच्या खात्यात जमा झालेलं, आणि जुन्या माणसांपैकी कुणाला ठेवायचं, कुणाला कुठल्या पायरीवर बसवायचं, ते ठरवायला तिकडचे अधिकारी येऊन बघून जात होते. त्यात भाषावार प्रांतांची बोलणी. आपलं राज्य तिघांत वाटलं जाणार, मराठी मुलूख मुंबईकडं जाणार, असं रोज कुणी ना कुणी सांगत यायचं. काका सरकारी कचेरीत नोकरीला होते; ते उठता-बसता म्हणायचे, "आपल्या भाषेच्या मुलखात जाऊ. इथं आता आपलं काय हाय?" तुम्ही म्हणायचात, "तू जा की. मी विमानतळ काय पाठीला बांधून नेऊ?" घरात प्रश्न एकच होता, तुमची जागा राहते की जाते. गेली तर आम्हीही काकांच्या मागं बिऱ्हाड उचलणार होतो, आणि तिकडं धावपट्टीवर वारा बघणाऱ्या माणसाला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

वैशाखातला दिवस होता. तुम्ही आलात ते खुशीत. आई भाकरी थापत होती, अंबाडीची भाजी झालेली होती, आम्ही पाटांवर बसलो होतो. काका होते, काकू नव्हत्या. त्या पुण्याच्या, माहेरी गेलेल्या. पहिला घास मोडता मोडता तुम्ही सांगायला लागलात. "दिल्लीचा साहेब आलता तपासणीला. मानूस चांगलाय. सगळं बघितला. दिवे बघितला, वायरलेस बघितला, बोलला, ठीक है. मग खांबाखाली उभा राहून मोजाकडं बघितला आन् इचारला, 'यह कब बदला गया?' मी बोललो, 'परसोंच बदले साब.' तर तो वर बघितला, माझ्याकडं बघितला, परत वर बघितला. मानेत उसण भरली असंल बिचाऱ्याच्या." आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली. मोजा बदलला होता संक्रांतीच्या सुमाराला. उन्हानं त्याचा रंग उडाला होता आणि आदल्या दिवशीच्या वावटळीत शेपटीकडं फाटला होता, नवा काढून ठेवलाय, उद्या चढवू, हेही तुम्ही सांगितलंत. आणि अण्णा, त्या पाटांवर बसलेल्या एकाही माणसाला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. संक्रांतीची गोष्ट वैशाखात परवाचीच की! आपल्या शहरात परवा म्हणजे मागं गेलेला कुठलाही दिवस. आजी म्हणायची, परवा मुसीला पूर आला तेव्हा तुझा बाप रांगत होता. तेव्हाही कुणी हसलं नव्हतं.

काही आठवड्यांनी खात्याचं पत्र आलं. वाऱ्याच्या पिशवीबाबत जाणूनबुजून खोटी माहिती दिली, त्याचा खुलासा करावा. रविवार होता, सगळे स्वयंपाकघरात चहाला जमलेले. "मी काय खोटं बोललो?" तुम्ही आम्हा सगळ्यांना विचारत होतात, मलासुद्धा. खांबाची उंची चुकीची सांगितली का, कापडाचं माप चुकलं का, काका एकेक शंका काढत होते आणि तुम्ही एकेक खोडत होतात. काकू माहेरून परतल्या होत्या. कोपऱ्यात कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुम्ही नक्की काय म्हणालात त्याला?" तुम्ही सांगितलंत. "आणि बदलला कधी होता?" "संक्रांतीला." काकूंच्या हातातली जुडी खाली पडली. "अहो, परवा म्हणजे परवा! कालच्या आदला दिवस! तो समोर बघतोय चिंधी झालेलं कापड, आणि तुम्ही म्हणताय परवाच बदललं!" काका म्हणाले, "असं कसं?" काकू म्हणाल्या, "असंच. साऱ्या जगात असंच असतं." चहा उतू गेला, आणि आई चुलीपुढंच बसलेली असून तिला ते कळलं नाही.

साऱ्या जगात! काकूंचं जग पुण्याच्या वेशीपाशी संपायचं. त्यांच्या पुण्यातली माणसंसुद्धा "अगदी परवापरवापर्यंत पेशवाईचा थाट होता" असं म्हणतातच की. मग तो परवा कुठला? कालच्या आदला? तेव्हा मला हे सुचलं नाही. सुचलं तेव्हा काकू औरंगाबादला राहायला गेल्या होत्या आणि भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं.

खुलासा तुम्ही दुसऱ्या दिवशी लिहिलात आणि पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवलात. मी दाराशी उभी होते. इंग्रजी मला जेमतेम कळायचं, पण काकांनी मध्येच थांबवून मराठीत विचारलं, "हे काय लिहिलास? माझं हिंदीचं ज्ञान सदोष आहे? तुझं?" तुम्ही म्हणालात, "राहू दे." काका तापले. "अरे, सरळ लिही की, आमच्या शहरात हा शब्द असाच चालतो. साक्षीदार पायजेत तर कोठीच्या नाक्यावरचे सगळे टांगेवाले आणून उभे करतो." तुम्ही कागदावरची शाई टिपत म्हणालात, "आन् साहेब काय म्हणंल? खोटा तर खोटा, वर भांडखोर. नक्को." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पण अण्णा, शब्द तर बरोबरच होता." तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. कागदाची घडी घालत म्हणालात, "पोटापुढं परवा काय आन् तेरवा काय." ते पत्र गेलं. तुमची जागा राहिली. समज मिळाली, आणि हिंदीची परीक्षा द्यायचा हुकूम मिळाला.

कोठीला संध्याकाळी हिंदीचा वर्ग भरायचा. एकट्यानं जायची तुम्हाला लाज वाटली, म्हणून मला बरोबर घेतलंत. कुणी विचारलं तर सांगायला बरं, पोरीला सोडायला आलोय. पण पोरांच्या बुटक्या बाकावर तुम्हीही बसायचात, गुडघे छातीशी येऊन. शिकवणारे मास्तर तेलुगू होते. तुम्ही उभं राहून म्हणायचात, "मैं कपड़ा बदला." मास्तर हात जोडल्यासारखे करून, शेवटी तेलुगूतलं आदराचं 'अंडी' लावून म्हणायचे, "आपका 'ने' किधर गया अंडी? मैंने बदला." तुम्ही तसं म्हणायचात आणि पुढच्याच वाक्यात 'ने' पुन्हा गायब व्हायचा. पोरं हसायची. मी दातओठ खात तो 'ने' पाठ करत होते. तुम्ही फारसी शेर अर्थासकट सांगायचात. उर्दूतले निवाडे वाचायचात. कचेरीत इंग्रजी, भाजीवालीशी तेलुगू, बिदरच्या मावशीशी कानडी. आणि अशा माणसानं लिहून दिलं की माझी भाषा सदोष आहे! बरं, त्या 'परसोंच' मधला 'च' तरी बघायचात. तो दिल्लीत नाही, लखनौत नाही. तो आपला मराठी 'च' आहे, आपण दखनीला दिलेला. साहेबाला वाटलं असेल, बघा, किती ठासून खोटं बोलतोय.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. त्या जागेवरच आपलं घर चाललं, मी शिकले, आई शेवटपर्यंत आपल्या माणसांत राहिली. सगळं खरं. त्या भाकरीला मी जागते. त्या खुलाशाला नाही जागत.

कारण तो खुलासा दिल्लीला गेला असता आणि तिथंच राहिला असता तर मी काही बोलले नसते. तो घरात आला. त्या दसऱ्याची गोष्ट. मी जेवता जेवता आईला म्हटलं, "परवा नागपंचमीला केलतीस तशी दिंडं कर ना." तुमचा हात ताटावर आपटला. "परवा म्हंजे परवा! कालच्या आदला दिवस! किती येळा सांगायचं?" तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, म्हणून तो आवाज आधी मला ओळखूच आला नाही. आई भाकरी उलटत होती. तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "पोरीवर कशाला? ज्याला म्हनायचं त्याला म्हना की." तुम्ही ताटावरून उठलात. त्या दिवसापासून घरात सगळे जपून बोलायला लागले. आई 'मागल्या महिन्यात' म्हणायला लागली, आणि ते म्हणताना अडखळायची. पुढच्या पाडव्याला भटजी पंचांग वाचून गेले आणि आम्ही सगळे तुमच्याकडं बघत बसलो. तुम्ही शेरवानीचं बटण काढलंत आणि जेवायला बसलात. आकाशाचं वर्षफल त्या वर्षी आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि नंतरही नाही.

त्यानंतर राज्याचे वाटे झाले. काकांनी मराठी मुलूख मागून घेतला आणि बिऱ्हाड हललं. ट्रकमध्ये सामान चढत असताना ते तुम्हाला म्हणाले, "चल अजून. तिथं तुझ्या भाषेला कुणी नावं ठेवणार नाही." तुम्ही हसलात फक्त. काकांच्या मुलांनी पहिल्या सुट्टीत येऊन सांगितलं की तिकडच्या शाळेत त्यांना 'मुसलमानी मराठी' म्हणून चिडवतात. ऐकून तुमचा चेहरा जरा सैल झाला, हे मी बघितलं होतं. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मी हिंदी सोडली नाही. तुमची परीक्षा कशीबशी पार पडली, मी मात्र पुढं शिकत गेले, आणि एके दिवशी तुमच्याच खात्यात हिंदी अनुवादकाची जागा मला मिळाली. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होतात. पेढा हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिलात, डोळ्यांत पाणी. म्हणालात, "आता तुला कुणी खोटारडी म्हणणार नाही." अण्णा, पेढा कडू लागला मला. तुम्ही इतकी वर्षं हे उराशी घेऊन बसला होतात, आणि तेही साहेबाच्या बाजूनं! त्या दिवशी मी वाकून नमस्कार केला आणि गप्प बसले. आज म्हणते. तुम्ही खोटारडे नव्हतात. तुम्ही खरं बोललात, आपल्या भाषेत बोललात, आणि ती भाषा ज्याला येत नव्हती त्यानं खुलासा द्यायचा होता.

दरसालच्या अहवालासाठी आपल्या विभागाचा मजकूर हिंदीत आणायचं काम माझ्याकडं आलं. प्रगती खोटी नव्हती, हे मला कबूल आहे. तुमच्या वेळी विमान यायच्या आधी धावपट्टीवरच्या म्हशी हाकलायला माणूस पळायचा. माझ्या वेळी कुंपण होतं, मोठे दिवे होते, टॉवरमधून बोलणारी तरतरीत पोरं होती. सगळं मी मन लावून लिहिलं, जड जड शब्दांत. मोज्यासाठी तर त्यांनी असा एक जोडाक्षरांचा शब्द दिला होता की उच्चारताना कवळी निघून यावी. पण दर वर्षी मजकूर संपवला की मला वाटायचं, हे सगळं मोजलं, आणि माणूस माणसाला काय विचारतो आणि दुसरा काय ऐकतो, हे कुणी मोजलं का?

मग एक संधी आली. नव्या तपासनिसांसाठी आमच्या कार्यालयानं सूचना तयार केल्या होत्या, आणि त्या हिंदीत आणायला माझ्या टेबलावर आल्या. त्यात एक ओळ होती, अमुक गोष्ट मागे कधी तपासली ते कर्मचाऱ्यांना विचारावे. मी तिचा अनुवाद केला आणि खाली माझ्या मनानं एक वाक्य घातलं: तारीख विचारावी, कल, परसों अशा शब्दांवर विसंबू नये. साहेब उत्तरेकडचेच होते, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी बोलावून घेतलं. "मैडम, आप अनुवाद कीजिए, नियम मत बनाइए." अण्णा, त्या कार्यालयात मी जन्मात दखनी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "साब, मेरे बावा हौर उनका साब, दोनों सच्चीच बोल रे थे. फिर बी झूटे ठैरे मेरे बावा." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मोजा, संक्रांत, वैशाख, उतू गेलेला चहा. साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले. लेखणी उचलली आणि म्हणाले, "रहने दीजिए यह लाइन." ती ओळ राहिली. त्या वर्षीच्या अहवालात तिचा उल्लेख नव्हता. असायचं कारणही नव्हतं. पण आमच्या विभागात त्यानंतर जो कुणी तपासणीला आला त्यानं तारीख विचारली. तुम्ही त्याच्या आधीच गेला होतात. आणि असता तरी म्हणाला असतात, "कशाला भांडलीस? नक्को." म्हणून तर भांडले.

त्या वर्षीच्या पाडव्यापासून मी घरात अहवाल वाचायला लागले. आधी नवऱ्यापुढं, मग मुलांपुढं, आता झोपलेल्या नातीपुढं. जी रीत एका शब्दापायी बंद पडली ती मी पुन्हा चालू केली आहे, आणि माझे डोळे आहेत तोवर बंद पडणार नाही. तुम्हाला आवडो न आवडो, मला परवा नाही. बघा, हाही आपलाच शब्द.

ह्या पत्रावर तारीख घातलेली नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तारखेवर विसंबावं असं इतरांना शिकवणारी मी, पण हे टपालात जायचंच नाही, मग तारीख कुणासाठी? शिवाय एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितली की माझ्या ह्या सगळ्या तडतडीचा पार विचका होणार आहे. तरी सांगते.

गुडघे दाखवायला कोठीच्या दवाखान्यात गेले होते. नवी डॉक्टरीण आहे, दिल्लीकडची, कोवळी पोर. ती कागद भरत होती. "पिताजी को शुगर थी?" मी म्हटलं, "थी." "अब नहीं हैं?" "नहीं." "कब गुज़रे?" आणि मी, जन्मभर शुद्ध हिंदी लिहून आता पेन्शन खाणारी मी, म्हणाले, "परसोंच." तिनं पेन खाली ठेवलं. "परसों? और आप आज... अकेली आई हैं?" ती खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आली आणि माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला. तुम्ही गेलात ती तारीख माझ्या जिभेवर होती, वारासकट. बाहेर रांग खोळंबली होती, आणि ती पोर माझा हात सोडायला तयार नव्हती. मी तिची चूक दुरुस्त केली नाही, अण्णा. मला तिच्यात काही चुकलेलं दिसलंच नाही.